लाइन खराब आहे

धाकटी : मी एवढंच विचारतेय, की सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा या खोलीत कोण आलं होतं?

थोरली : वारा आला असेल. खिडकी तूच सताड उघडी टाकून जातेस.

धाकटी : वाऱ्याने नेट जात नाही, ताई. हे बघ. टॅबवर वायफायच्या सगळ्या रेघा आहेत. जोडलंय म्हणतोय. आणि पान उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. काल रात्रीपर्यंत धडधाकट होतं. नेमकं आजच.

थोरली : का, आज काय आहे?

धाकटी : काही नाही.

थोरली : काही नाही, तर केस कशाला धुतलेस? आणि हे ठेवणीतले कपडे?

धाकटी : क्लास आहे. शिवणाचा. पाच वाजता.

थोरली : तुझा क्लास रविवारी नसतो, चिंगे.

धाकटी : आज ज्यादा घेतलाय. दोघी-तिघींचे काज राहिलेत. तू कानात मशीन घातलंयस ना?

थोरली : घातलंय.

धाकटी : दोन्ही कानांत?

थोरली : दोन्ही कान माझेच आहेत, म्हणून दोन्हींत घातलंय.

धाकटी : वाटलंच. जेवायला हाका मारून माझा घसा बसतो तेव्हा तुझं मशीन टेबलावर पडलेलं असतं. आणि आज दुपारपासून दोन्ही कान तयार.

थोरली : बोल बोल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला मी, पण एवढी उलटतपासणी साहेबाने पण केली नव्हती.

धाकटी : सरक जरा. मी कंपनीला फोन लावते. बरं झालं हा बटणांचा फोन तरी ठेवला. भाचा म्हणत होता, टाकून दे.

थोरली : स्पीकरवर लाव. मलाही ऐकू दे.

धाकटी : तुला ऐकायचंच असतं. ... घे. वाजतोय.

थोरली : हे काय, गाणं? माणूस अडचणीत आहे म्हणून फोन करतोय आणि हे सनई वाजवताहेत. आम्ही कुणाला थांबवून ठेवलं तर मधूनमधून सांगायचो, "प्रयत्न चालू आहे, थांबा." नुसता तेवढा आवाज आला की समोरच्याला धीर यायचा.

फोनवरची मुलगी : नमस्कार, थांबल्याबद्दल धन्यवाद. मी आपली काय मदत करू शकते?

धाकटी : हे बघ बाळ, घरातलं वायफाय दिसतंय पण एकही पान उघडत नाहीये. आणि मला पाच वाजता फार महत्त्वाचं काम आहे.

थोरली : क्लास आहे म्हणालीस ना?

धाकटी : क्लासच. तू मध्ये बोलू नकोस.

फोनवरची मुलगी : काळजी करू नका मॅडम. आधी टॅबचं वायफाय एकदा बंद करून परत चालू करा.

धाकटी : केलं. तीन वेळा केलं. टॅब बंद करूनही झाला.

फोनवरची मुलगी : ठीक आहे. आता जो बॉक्स आहे, त्याचं बटण बंद करा, थोडं थांबा, आणि परत चालू करा.

थोरली : तेही झालं तिचं दुपारी. तो डबा चालू होतो, दिवे लागतात, आणि पुढे ये रे माझ्या मागल्या.

धाकटी : तुला काय माहीत मी दुपारी काय केलं? तू झोपली होतीस.

थोरली : पडले होते. झोपले नव्हते.

फोनवरची मुलगी : मॅडम, बॉक्सवर कोणते दिवे लागलेत ते बघून सांगाल का?

धाकटी : थांब हं. तो शिवणाच्या टेबलाखाली ठेवलाय, भिंतीला लागून. वाकावं लागतं.

थोरली : तुझा गुडघा वाकतो का? सरक, मी बघते.

धाकटी : तू नको.

थोरली : का? मी बघितलं तर दिवे लाजतील?

धाकटी : तू नको म्हटलं ना. ... आई गं.

थोरली : बघ. ऐकायचं म्हणून नाही. ऊठ, माझा हात धर. मी जाते खाली. हां. हे बघ, तीन हिरवे लागलेत आणि एक विझलेला आहे.

धाकटी : नक्की?

थोरली : मी बोर्डावर शंभर दिवे बघायचे गं, एका वेळी. चार दिवे मोजता येतील मला.

फोनवरची मुलगी : विझलेल्या दिव्याखाली कसलं चित्र आहे?

थोरली : गोळा आहे. पृथ्वीचा, आडव्या-उभ्या रेघांचा.

फोनवरची मुलगी : मग तिथेच अडचण आहे. म्हणजे तुमच्या टॅबपासून बॉक्सपर्यंत सगळं ठीक आहे, म्हणून रेघा दिसतात. बॉक्सपासून बाहेर जायचा रस्ता बंद आहे. मी इथून बघते. ... मॅडम, आम्हाला तुमचा बॉक्स दिसतच नाहीये. सकाळी साडेसातपर्यंत दिसत होता. त्यानंतर नाही. कोणी वायर काढली होती का?

धाकटी : ऐकलंस?

थोरली : ऐकलं. दोन्ही कानांनी.

धाकटी : मी साडेसातला दूध आणायला गेले. घरात तू एकटी. आणि मला सांगतेस वारा आला होता.

थोरली : वायर कोणी काढली असं विचारलंच नव्हतंस. खोलीत कोण आलं म्हणून विचारलंस. पोलिसासारखं विचारलं की मीही चोरासारखं उत्तर देणार. हो, काढली मी.

धाकटी : काढलीस.

थोरली : काढली, पुसली आणि परत लावली. आज रविवार आहे. रविवारी पुसतेच मी. एक्स्चेंजमध्ये रविवारी गर्दी सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळ्या दोऱ्यांची पितळी टोकं मऊ फडक्याने पुसायचो. आणि एखादं भोक सैल झालं असेल तर दोरी शेजारच्या भोकात घालायची, म्हणजे बोलणं मध्येच तुटत नाही. हा डबा आल्यापासून दर रविवारी पुसते, तुला पत्ता तरी आहे का? आज ते भोक मला ढिलं वाटलं. मग शेजारचं रिकामं होतं त्यात घातली. टक्कन बसली.

फोनवरची मुलगी : मॅडम, एक मिनिट. मागे पाच भोकं आहेत ना? चार पिवळी आणि एक निळं?

थोरली : हो.

फोनवरची मुलगी : भिंतीतून येणारी वायर कोणत्या रंगात आहे आत्ता?

थोरली : पिवळ्या.

फोनवरची मुलगी : ती निळ्यातच पाहिजे. पिवळी भोकं घरातल्या कॉम्प्युटरसाठी असतात. बाहेरची लाइन फक्त निळ्यातून आत येते.

थोरली : हात्तिच्या. आमच्या बोर्डावर सगळी भोकं सारखीच होती. ही नवीन तऱ्हा मला कोण सांगणार?

धाकटी : वा. काय छान जमवलंस गं.

थोरली : जमवलं म्हणजे?

धाकटी : म्हणजे वायर तोडायची नाही. लपवायची नाही. नुसती शेजारच्या भोकात सरकवायची. रेघा दिसत राहतील, दिवे लागत राहतील, आणि चिंगी बसेल आपल्या कर्माला दोष देत. पाच वाजून जातील. ती बाई म्हणेल, एवढी साधी वेळ पाळता येत नाही, ही मुलींना काय शिकवणार. संपलं.

थोरली : कोणती बाई?

धाकटी : तुला माहीत आहे कोणती बाई.

फोनवरची मुलगी : मॅडम, वायर निळ्यात लावून बघता का? मी लाइनवर आहे.

थोरली : बाळ, तू लाइनवर आहेस हे आम्हाला माहीत आहे. जरा थांब. आणि ऐकू नकोस.

फोनवरची मुलगी : मी काही ऐकलं नाही असं समजा, मॅडम.

थोरली : आम्ही पण हेच म्हणायचो.

(थोरली टेबलाखाली बसलेली, वायर ओढून टोक हातात धरलेलं. धाकटी टॅब छातीशी धरून उभी.)

धाकटी : काढलीस ना? आता निळ्यात लाव.

थोरली : लावते. आधी तू बोल. त्या वसतिगृहाच्या बाई ना?

धाकटी : तुला कोणी सांगितलं?

थोरली : तू जिन्यात उभी राहून बोलत होतीस. जिन्यात आवाज घुमतो. मुलींचं वसतिगृह, शिवण शिकवायचं, राहायची खोली तिथेच. आणि "बहिणीला अजून सांगितलं नाही, सांगेन सवडीने." ती सवड मिळाली नाही तुला. मी रोज वाट बघत होते. भाजी निवडताना वाटायचं, आता सांगेल. दिवा मालवताना वाटायचं, आता सांगेल.

धाकटी : तू जाऊ दिलं नसतंस.

थोरली : मी कोण जाऊ न देणारी? तू साठीला टेकलीस.

धाकटी : साठीला टेकले, तरी या घरात अजून मी धाकटीच आहे. पडदे तुझ्या पसंतीचे, पाणी तापवायची वेळ तुझी. माझं शिवणाचं मशीनसुद्धा या कोपऱ्यात आहे, कारण तिकडे त्याची खडखड तुला सोसत नाही. तिथे जाऊन वीस मुलींना काज करायला शिकवेन, त्या मला बाई म्हणतील. एकदा तरी कुणीतरी मला बाई म्हणू दे.

थोरली : मग हे मला सांगायचं होतंस.

धाकटी : सांगून काय झालं असतं? आज काय झालं ते बघतेयस ना? तू वायर हातात घेऊन बसली आहेस.

थोरली : मी वायर सरकवली, कारण मागच्या आठवड्यात तुझ्या क्लासमध्ये दोनदा बोलणं तुटलं. मी पलीकडे ऐकत होते. तू "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करत होतीस. म्हटलं, आज पाच वाजता तसं व्हायला नको. आज घट्ट बसायला हवी.

धाकटी : हे मी खरं मानू?

थोरली : नको मानूस. मला तोडायची असती तर कात्री इथेच पडली आहे, तुझी कपडे बेतायची. इतक्या वर्षांत हजारो लायनी जोडल्या मी, चिंगे. मुद्दाम एकही तोडली नाही.

धाकटी : एक तोडलीस.

थोरली : काय?

धाकटी : ऐकू आलं तुला. एक तोडलीस. आज विषय निघालाच आहे तर होऊन जाऊ दे.

फोनवरची मुलगी : मॅडम, मी पुढच्या कॉलवर जाऊ का? वायर निळ्यात लावली की आपोआप—

धाकटी : थांब तू. अजून सुरू झालेलं नाही. ... ताई, मी बाहेरच्या बाकावर बसायचे. एक्स्चेंजच्या. दर रविवारी. तो म्हणाला होता, नोकरीच्या गावी गेलो की रविवारी ट्रंक कॉल लावीन, तुझी बहीण बोर्डावर आहे, ती देईल. तू दारातून डोकं बाहेर काढायचीस आणि म्हणायचीस, "लाइन खराब आहे गं आज." किती रविवार? दरवेळी खराब? बाकीच्यांचे कॉल लागत होते, मला काचेतून दिसत होतं. लोक बूथमध्ये शिरत होते, हसत बाहेर येत होते. फक्त माझीच लाइन खराब.

थोरली : तुला दिसत होतं?

धाकटी : मला डोळे नव्हते? आप्पांना घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा जावई म्हणून नको होता. तू आप्पांचा उजवा हात. तुला फक्त एक दोरी एका भोकात घालायची नव्हती. घातली नाहीस. मी कधी बोलले नाही. पण तू मला चहा दिलास की मनात यायचं, हिनेच. आज सकाळपासून तेच येतंय. हिनेच.

थोरली : एवढी वर्षं?

धाकटी : एवढी वर्षं.

थोरली : आणि माझ्या हातचं खात राहिलीस.

धाकटी : जाणार कुठे होते?

थोरली : बरं. मग ऐक. एकदाच सांगेन, कारण इथे खाली माझीही कंबर मोडतेय. कॉल आलाच नाही.

धाकटी : खोटं.

थोरली : एकाही रविवारी आला नाही. मी त्याच्या नोकरीच्या गावच्या एक्स्चेंजवरच्या बाईला विचारायचे. चेहरा कधी बघितला नाही तिचा, नुसता आवाज. "बघ गं, आमच्याकडे कुणी नोंदवलाय का?" ती म्हणायची, "नाही गं ताई, अजून नाही." मी पाळी संपल्यावरही थांबायचे. शेवटी शेवटी माझा आवाज ऐकला की तीच आधी सांगायची, "आज पण नाही."

धाकटी : मग मला तसं का नाही सांगितलंस?

थोरली : कसं सांगू? बाकावर चार अनोळखी माणसं, तू वेणीला रिबीन बांधून बसलेली, मान माझ्या दाराकडे. त्या तोंडावर म्हणू, की लाइन चांगली आहे पण माणूस नाही? मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइनला काय, तिला वाईट वाटत नाही.

धाकटी : नंतर सांगायचंस. घरी. वर्षाने, दहा वर्षांनी.

थोरली : नंतर तू माझ्यावर रागावलीस. ते मला कळलं होतं. बोलली नाहीस तरी कळलं होतं. आणि माझ्यावर रागावल्यापासून तू जेवायला लागलीस. त्याच्यासाठी रडत होतीस तेव्हा ताट तसंच उचलावं लागायचं. मला वाटलं, असू दे. माझ्यावर राग धरून का होईना, दोन घास जातात पोटात.

धाकटी : ... हे खरं कशावरून?

थोरली : कशावरूनच नाही. ती बाई कोण, कुठे, जिवंत आहे का, देव जाणे. एक्स्चेंज पाडलं. माझ्या शब्दाशिवाय माझ्याजवळ काही नाही. आणि माझ्या शब्दाचं तुझ्याकडे काय मोल आहे ते आज कळलं.

फोनवरची मुलगी : आजी...

थोरली : तू मॅडम म्हण. आजी म्हणालीस की कळतं तू ऐकतेयस.

फोनवरची मुलगी : मॅडम, पाच वाजायला आलेत.

थोरली : हो, लावतेच आहे. चिंगे, एक गोष्ट मात्र खरी. तू जावंस असं मला वाटत नाही. अजिबात वाटत नाही. तू गेलीस की या घरात कुणाशी भांडू मी? संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की ती तुझी असतात, एवढ्यावर माझा दिवस उभा आहे. मनात शंभरदा आलं, की हिचं होऊ नये. मनात आलं. हाताने केलं नाही.

धाकटी : ताई, वर ये. मी लावते.

थोरली : तुझा गुडघा वाकत नाही, आणि निळं कुठलं ते तुला चष्म्याशिवाय दिसणार नाही. तू नुसतं बघ. वाकून बघ हवं तर, नाहीतर रात्री परत संशय येईल. हे निळं. हे टोक. पुसलं. ... बसली. आवाज आला?

धाकटी : आला.

थोरली : गोळा लागला का? मला इथून दिवे दिसत नाहीत.

धाकटी : लुकलुकतोय. ... लागला. हिरवा.

फोनवरची मुलगी : मॅडम, आता तुमचा बॉक्स आम्हाला दिसतोय. पान उघडून बघा.

धाकटी : उघडलं. झटकन उघडलं. हवामानाचं पान, बातम्या, सगळं येतंय.

फोनवरची मुलगी : छान. आणखी काही मदत हवी आहे का?

थोरली : नको. चांगलं काम केलंस. मध्ये बोलली नाहीस, फोन ठेवला नाहीस. फक्त ते गाणं बंद करा म्हणावं तुमच्या साहेबांना.

फोनवरची मुलगी : सांगते, मॅडम. आता एक संदेश येईल, सेवा आवडली असेल तर एक दाबा. ... आणि त्या ताईंना माझ्याकडून शुभेच्छा. म्हणजे, क्लाससाठी.

धाकटी : ठेवला तिने. सगळं ऐकलं मेलीने.

थोरली : ऐकतातच. ऐकून विसरायचं असतं, ते शिकेल हळूहळू. हात दे. उचल मला. हळू. ... तुझे केस पुढे आलेत, मागे घे. कापड कुठाय, काज करून दाखवायचा तो?

धाकटी : हे काय, टाचून ठेवलंय. तुला काय माहीत काज करून दाखवायचाय?

थोरली : जिना. दोरा गडद रंगाचा घे, पांढरा त्या काचेवर दिसायचा नाही. आणि हात जवळ धर. तुझा चेहरा कोणीही बघेल, काज बघायला हवा त्यांना.

धाकटी : ताई, वाजतोय. त्यांचाच आहे.

थोरली : मग उचल. समोरच्याला वाट बघायला लावू नये. थांब, आधी हे घे.

धाकटी : हे काय?

थोरली : माझी मशीनं. दोन्ही कानांतली. तुझ्या बटणांच्या डबीत टाक आणि झाकण लाव. मी पलीकडे बसते. दार उघडं ठेवलंस तरी चालेल, भिंतीला कान असतील, मला नाहीत. तुझ्या मनासारखं बोल. माझं नाव घ्यायचं असेल तर घे, चांगलं-वाईट जसं येईल तसं.

धाकटी : ताई, थांब. मला पटलं. कॉल आला नव्हता. मला तेव्हाही कुठेतरी माहीत होतं गं.

थोरली : काय म्हणतेस ते कळत नाही मला आता. फोन उचल, बाई वाट बघताहेत.